पांढुर्ण्याचे ‘पांढुर’

गेल्या पोळ्याला आमचा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची गोटमार झाली, जाम नदीच्या काठावरची गर्दी ओसरली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. नागपुरास एका कार्यालयात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम तो करतो. हातात आठ पानांचे बाड होते. म्हणाला, “सर, एका मराठी अंकासाठी लेख लिहिला आहे. पहिलाच आहे. आमच्याच विषयावरचा, तांत्रिक. तुम्ही शुद्धलेखन तेवढं पाहून द्या.”

शुद्धलेखन तेवढे! भाषेच्या शिक्षकाकडे लोक याच कामासाठी येतात. लग्नपत्रिका, मानपत्र, मंडळाचा अहवाल, शोकसभेचा ठराव, सारे काही आमच्याकडे ‘शुद्धलेखनापुरते’ येते आणि आम्हीही तांबडी शाई घेऊन बसतो. त्या सकाळीही बसलो. लेखाचे नाव होते ‘संगणक : काल, आज आणि उद्या’. मणी सरकविण्याच्या चौकटीपासून आरंभ होऊन तो चार्ल्स बॅबेजच्या यंत्रापाशी आला, तेथून अमेरिकेतील खोलीभर मोठ्या संगणकांपर्यंत, आणि शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उज्ज्वल भवितव्यापाशी पोहोचला. आठ पानांत अनुस्वाराच्या दोन चुका सापडल्या. एवढी स्वच्छ भाषा त्या मुलाने शाळेत असताना कधी लिहिलेली आम्हांस आठवत नव्हती.

“यात तुझे काय आहे?” आम्ही विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग प्रांजळपणे म्हणाला की अर्धा मजकूर पुस्तकांतून घेतला आहे आणि अर्धा यंत्राला विषय सांगून लिहवून घेतला आहे. आजकाल ते दोन मिनिटांत लिहून देते. आम्ही रागावलो नाही. निबंधाच्या वह्या तपासण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला मार्गदर्शकातून उतरविलेला ‘माझा आवडता ऋतू’ पाहून आश्चर्य वाटण्याचे दिवस केव्हाच संपलेले असतात. आम्ही बाड मिटून बाजूला ठेवले आणि त्याला दुसराच प्रश्न केला : “गेल्या सहा महिन्यांत कामावर तुला सर्वांत जास्त कशाने छळले?”

त्यावर तो हसला, आणि जे सांगितले ते त्या आठ पानांत कोठेच नव्हते.

फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री तुटत होती. वजन झाले की शेतकऱ्याच्या हाती छापील पावती पडते. तिच्यावर नाव, गाव, वजन आणि भाव असतो. एका खरेदीदारासाठी या पावतीचा प्रोग्रॅम आमच्या या विद्यार्थ्यानेच लिहिला होता, आणि मोठ्या हौसेने पावती देवनागरीत छापण्याची सोय त्याने केली होती. एके दिवशी घरून आईचा फोन आला. बगीच्यातल्या मालाची पावती तिच्या हातात होती. माउली म्हणाली, “आपल्या गावाचं नाव काहून कापलं रे बापा? पुढं काही नाहीच. पैसे तर नाही ना अडकनार?” पावतीवर गावाच्या जागी ‘पांढुर’ एवढेच छापले होते आणि त्याच्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.

तीन दिवस त्याला कारण सापडेना. प्रथम त्याने छपाईच्या यंत्राला दोष दिला. मग अक्षरांच्या वळणाला, म्हणजे फॉन्टला. मग नावे भरणाऱ्या कारकुनाला. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की सौसरच्या सर्व पावत्या निर्दोष होत्या. नागपूर, काटोल, वरुड, मुलताई, बैतूल ही नावेही धडधाकट छापली जात होती. मोडत होते ते पांढुर्णाच! गावाच्या नावाशी संगणकाचे काही वैर असावे, अशीच शंका यावी. चौथ्या दिवशी छिंदवाड्याच्या एका माणसाची पावती हाती आली. तिच्यावर ‘छिंदवा’ होते. पाठोपाठ जामसावळीची आली, ‘जामसाव’. मग त्याने तुटलेली नावे एका बाजूस आणि न तुटलेली दुसऱ्या बाजूस मांडली, आणि कागदावर प्रत्येक नावाची चिन्हे मोजली.

येथे आमच्यासारख्या व्याकरणाच्या माणसाचे कान टवकारले. पांढुर्णा या नावात अक्षरे किती? डोळ्यांना तीन दिसतात : पां, ढु, र्णा. संगणक मात्र ते नाव एकापुढे एक चिन्हे मांडून ठेवतो : प, काना, अनुस्वार, ढ, उकार, र, हलन्त, ण, काना. एकूण नऊ. रफार आपण णाच्या डोक्यावर काढतो, पण उच्चारात र आधी येतो, म्हणून साठवणीतही र आधीच असतो. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या डावीकडे पडते, तरी संगणक तिला व्यंजनाच्या नंतरच ठेवतो, कारण आपण ‘कि’ म्हणताना क आधी उच्चारतो. डोक्यावर रफार आणि डावीकडे वेलांटी हा सारा पडद्यावर दाखविण्याचा शृंगार. आत उच्चाराचा क्रम आहे. बाराखडी शिकविण्यात जन्म गेला, पण आपली बाराखडी यंत्राच्या पोटात इतक्या शिस्तीने बसली आहे हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही आठवीच्या वर्गात हाच प्रश्न विचारला. बहुतेकांनी ‘तीन’ सांगितले, काहींनी ‘चार’. एक मुलगी म्हणाली, ‘साडेतीन, सर, र अर्धा आहे!’

तर चिन्हे नऊ. आता संगणक प्रत्येक चिन्ह आकड्यांच्या रूपाने ठेवतो, आणि आकडा ठेवण्याच्या छोट्या खणाला बाइट म्हणतात. जगभरच्या लिपींना सामावून घेणारी जी साठवणीची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती 1992 साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत बसून आखली. तिला यूटीएफ-8 म्हणतात. तिच्यात रोमन लिपीतील साध्या अक्षरास एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. पांढुर्णा हे नाव रोमन लिपीत लिहिले तर नऊ अक्षरे आणि नऊच बाइट. देवनागरीतही चिन्हे नऊ, पण बाइट सत्तावीस. आमच्या विद्यार्थ्याने गावाच्या रकान्याला मर्यादा घातली होती 20 बाइटांची. इंग्रजीत नावे घालून त्याने ती तपासलीही होती, आणि सर्व नावे आरामात बसली होती. सौसर म्हणजे चार चिन्हे, बारा बाइट. नागपूर आणि मुलताई सहा-सहा चिन्हांची, अठरा बाइटांची. ती वाचली. ज्या नावात सात किंवा अधिक चिन्हे, ते नाव मोडले. पांढुर्ण्याची सहा चिन्हे म्हणजे अठरा बाइट बसले, उरलेल्या दोन बाइटांत सातव्या चिन्हाचा केवळ तुकडा मावला, आणि तुकड्याचा अर्थ न लागल्यामुळे यंत्राने तेथे प्रश्नचिन्ह छापले.

हे ऐकून झाल्यावर आम्ही म्हणालो, “हाच तुझा लेख.”

तो चमकला. “सर, पण ही तर माझी चूक आहे!”

गाठ बसली होती ती येथे, आणि ज्यांची मुले या व्यवसायात आहेत अशा वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. नव्या प्रोग्रॅमरला लिहावेसे वाटते ते आपण किती जाणतो हे दिसावे म्हणून. लिहावयाचे असते मात्र आपण कोठे अडलो ते. त्याला भय वाटत होते की वरिष्ठ हा लेख वाचतील आणि 20 बाइटांची मर्यादा घालणारा शहाणा कोण, हे सर्वांना कळेल. नोकरीत दोनच वर्षे झालेल्या मुलाचे हे भय खोटे नव्हे. घरी बगीचा आहे, पण त्यावर काढलेले कर्जही आहे. त्यामुळे ‘निर्भयपणे लिही’ असे सांगून मोकळे होणे आम्हांस बरे वाटले नाही. आम्ही एवढेच सांगितले की कोणत्या खरेदीदाराचे काम होते, कोणते कार्यालय, यांतले काहीही लेखात येऊ देऊ नकोस. त्याची वाचकाला गरज नाही. चूक मात्र ‘मी केली’ असे लिही. ‘चूक झाली’ असे लिहू नकोस. कर्ता गाळलेल्या वाक्याच्या आडोशाला उभा राहिलेला लेखक वाचकाला लगेच दिसतो.

विषय लहान असावा, याबद्दल त्याची समजूत पटविणे अधिक कठीण गेले. ‘एवढ्याशा गोष्टीवर लेख?’ असे तो पुनःपुन्हा म्हणे. त्याच्याच व्यवसायातली उदाहरणे आम्ही शोधून काढली. सी या संगणकभाषेवर ब्रायन केर्निघन आणि डेनिस रिची यांनी 1978 साली जो ग्रंथ लिहिला, त्यातला पहिला प्रोग्रॅम जगाला नमस्कार करणारे दोन शब्द छापतो, बस्स. जगभरचे विद्यार्थी आजही तेथूनच आरंभ करतात. एड्सगर डाइकस्ट्रा या हॉलंडच्या संगणकशास्त्रज्ञाने 1968 साली ‘गो टू’ या एकाच आज्ञेविरुद्ध जे लिहिले, ते जेमतेम दोन पृष्ठांत मावले आणि संपादकास पत्र म्हणून छापले गेले. त्याला लेखकाने दिलेले नाव साधे होते. पुढे गाजलेले नाव संपादक निकलाउस विर्थ यांनी घातले. म्हणजे मथळ्याची चिंताही पहिल्या लेखकाने फार वाहू नये. एका आज्ञेवर दोन पाने पुरतात, तर एका तुटलेल्या नावावर का पुरू नयेत?

नामवंत माणसाला काहीही लिहिले तरी चालते, असा आक्षेप यावर येतो, आणि तो आलाही. तेव्हा आम्ही त्याला डॉ. जयंत नारळीकरांची हकिकत सांगितली. मराठी विज्ञान परिषदेने 1974 साली विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध होते. 1965 सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. परंतु मराठीतील आपली पहिली विज्ञानकथा त्यांनी स्वतःच्या नावाने पाठविली नाही. आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली. ‘कृष्णविवर’ ही ती कथा. तिला पहिले पारितोषिक मिळाले ते जगतापांची म्हणून. कथा आणि तांत्रिक लेख यांत अंतर आहे, हे मान्य. पण नाव झाकल्यावर मजकूर आपल्या पायांवर उभा राहतो का, ही कसोटी दोहोंना सारखीच लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या आठ पानांवरचे नाव झाकले, तर ती कोणाचीही झाली असती.

आता भाषेचा प्रश्न. हा आमच्या मुलखात साधा नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. नागपूर ही तोवर राजधानी होती. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या राज्यातली बाजारपेठ झाली. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर तहसील त्यात आली, तरी घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी आणि संगणकासमोर इंग्रजी, ही तीन खोल्यांची व्यवस्था कायमच आहे. आमच्या विद्यार्थ्याने मराठीत लिहावयाचे ठरविले होते ते भाषाप्रेमापोटी नव्हे. सौसरला त्याचा मावसभाऊ राहतो. तो महाविद्यालयात संगणकाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि इंग्रजी पुस्तकांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. वर्ष गेले तर पुन्हा पैसे भरण्याची घरची ऐपत नाही. त्याच्यासाठी हे लिहावयाचे होते, आणि लिहिले काय, तर बॅबेज!

डाइकस्ट्रानेच 1975 सालच्या एका टिपणात असे म्हटले आहे की गणिती कल सोडला, तर कुशल प्रोग्रॅमरचे सर्वांत मोलाचे भांडवल म्हणजे मातृभाषेवरचे असाधारण प्रभुत्व. आमच्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला हे वाचून किती आनंद झाला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. तेव्हा आमचा सल्ला असा की पुढे लेख इंग्रजीत जावयाचा असला, तरी पहिला खर्डा त्या भाषेत लिहावा, ज्या भाषेत आपण धाकट्या भावाला समजावून सांगू. व्यवसायाचे ज्ञान मराठीत सांगणे ही काही नवी गोष्ट नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 साली ‘दिग्दर्शन’ काढले ते शास्त्रांची माहिती मराठीत यावी म्हणून. 1920 साली किर्लोस्करवाडीहून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही एका कारखान्याची वार्तापत्रिका होती, आणि तिच्यातूनच पुढे अवघ्या महाराष्ट्राने वाचलेले ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले.

तो दहा दिवसांनी दुसरा खर्डा घेऊन आला. साडेतीन पाने, विषय एकच. आणि येथे चूक आम्ही केली.

खर्ड्यात बाइट, मेमरी, स्ट्रिंग, व्हेरिएबल, एरर असे शब्द पानापानांवर होते. आमच्यातला एम.ए. जागा झाला. कोश उघडून आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. मेमरीचा ‘स्मृतिकोश’ केला, स्ट्रिंगची ‘वर्णमालिका’ केली, एररचा ‘प्रमाद’ केला. आणि एकच शब्द वारंवार येऊ नये, हा निबंधाचा नियम आठवून ‘रकाना’ या शब्दाला कोठे ‘स्तंभ’, कोठे ‘कोष्ठ’, कोठे ‘खण’ असे पर्याय घातले. लेख देखणा झाला, असे आमचे मत झाले. त्याने तो भीडेखातर तसाच सौसरला पाठविला. दोन दिवसांनी मावसभावाचा फोन आला, “दादा, हे संस्कृतमध्ये आहे काय? आणि त्या स्तंभाचं ठीक आहे, पण कोष्ठ कुठून आलं मधातच?”

हा धडा आम्हांस उतारवयात मिळाला. कवितेत पाण्याला जल म्हणावे, नीर म्हणावे, वाचक सुखावतो. तांत्रिक लेखात वस्तूचे नाव बदलले की वाचक समजतो, ही दुसरी वस्तू. तेथे पुनरुक्ती हाच गुण! रकाना म्हटले तर शेवटपर्यंत रकाना. ज्या कामात जो शब्द माणसे तोंडाने वापरतात तो शब्द तसाच ठेवावा, पहिल्या वेळी त्याचा अर्थ अर्ध्या वाक्यात सांगावा आणि पुढे निघावे. भाषेचे सौष्ठव शब्दांत शोधू नये, वाक्याच्या बांधणीत शोधावे. एका वाक्यात एक क्रिया, आणि कर्ता दिसला पाहिजे. ‘मर्यादा वाढविण्यात यावी’ असे लिहिले तर कोणी वाढवावी आणि कोठे, हे वाचकाला समजत नाही. सरकारी पत्रव्यवहारात हे वळण आमच्याही हाडीमांसी खिळले आहे, म्हणून ते दुसऱ्याच्या लिखाणात चटकन दिसते.

तिसरा खर्डा त्याने स्वतः केला. त्यात एक प्रयोग होता : पायथन या संगणकभाषेत दोन ओळी लिहावयाच्या, एका ओळीने नावातली चिन्हे मोजावयाची, दुसरीने बाइट. पांढुर्णा घातले की उत्तर यावे नऊ आणि सत्तावीस. वाचकाने स्वतःच्या गावाचे नाव घालून पाहावे. ही कल्पना आम्हांस फार आवडली. ‘क्ष मानू’ म्हणण्यापेक्षा ‘सौसर घाल’ म्हटले की बोटे आपोआप चालू लागतात.

पण वाचून पाहणे निराळे आणि करून पाहणे निराळे. एका रविवारी आम्ही दोघे सौसरला गेलो. मावसभावाला संगणकासमोर बसविले, हातात लेख दिला, आणि लेखकाला अट घातली : तू मागे बसावयाचे, बोलावयाचे नाही. ही अट त्याला फार जड गेली. पहिल्या दोन पायऱ्या सुरळीत झाल्या. तिसऱ्या पायरीवर लेखात लिहिले होते, ‘नावांची फाइल नेहमीप्रमाणे जतन करा’. मुलाने जतन केली. उघडली तर सर्व नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. त्याचा चेहरा उतरला. “माझंच चुकलं असंल,” तो म्हणाला. मागे बसलेल्याचे ओठ हलले, आम्ही हाताने थांबविले. वीस मिनिटे तो मुलगा स्वतःलाच दोष देत राहिला. वस्तुतः त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याच्या जुन्या संगणकावर फाइल जतन होताना जी पद्धत आपोआप निवडली जाई, तिच्यात देवनागरीला जागाच नव्हती. यूटीएफ-8 निवडा, हे सांगावयास लेखक विसरला होता, कारण त्याच्या संगणकावर ते नेहमीच निवडलेले असे. ‘नेहमीप्रमाणे’ हा त्या लेखातला सर्वांत वाईट शब्द होता. नेहमी कोणाचे?

परतीच्या वाटेवर तो फारसा बोलला नाही. एकदाच म्हणाला, “सर, मीही इंग्रजी पुस्तकं वाचताना असाच स्वतःला मठ्ठ समजत होतो.”

चौथ्या खर्ड्यात आरंभीच कोणता संगणक, कोणती आवृत्ती, कोणता महिना, हे आले. हे का लागते? हाच प्रयोग पायथनच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत साध्या रीतीने केला, तर पहिलीच ओळ नऊ न सांगता सत्तावीस सांगते, कारण ती आवृत्ती साधा मजकूर बाइटांनीच मोजी. तिसरी आवृत्ती 2008 साली आली आणि मोजण्याची रीत पालटली. दुसरीचा सांभाळ 1 जानेवारी 2020 पासून बंद झाला आहे, पण जुन्या यंत्रांवर ती अजून भेटते. आवृत्ती न सांगणारा लेख म्हणजे तारीख नसलेले पत्र.

आणि आमच्या आग्रहावरून आणखी एक गोष्ट आली, फसलेला उपाय. कारण कळल्यावर घाईघाईने त्याने मर्यादा 20 ची 40 केली होती. पांढुर्णा बरे झाले, छिंदवाडा बरा झाला. चार दिवसांनी कोणी गावाच्या रकान्यात ‘जामसावळी, ता. सौसर’ असे भरले. देवनागरीची चौदा चिन्हे, स्वल्पविराम, टिंब आणि दोन मोकळ्या जागा मिळून 46 बाइट! पुन्हा प्रश्नचिन्ह. मग बाइटांऐवजी चिन्हे मोजून कापावे, असे त्याने ठरविले. पण नऊपैकी सात चिन्हे ठेवली, तर ‘पांढुर्’ असा पाय मोडलेला र उरतो. प्रश्नचिन्ह गेले, तरी नाव तुटकेच. शेवटी त्याने दोन गोष्टी केल्या. मर्यादा चिन्हांत मोजून ऐसपैस ठेवली, आणि कापणे भागच पडले तर पूर्ण अक्षर जेथे संपते तेथेच कापावयाचे, अशी व्यवस्था केली. म्हणजे आमच्या आठवीच्या मुलांनी मोजली ती तीन अक्षरे त्याला शेवटी मोजावीच लागली. हे दोन फसलेले उपाय खर्ड्यातून गाळण्याची त्याची इच्छा होती, लेख लांबतो म्हणून. पण ज्याच्या यंत्रावर हीच अडचण येईल, तो प्रथम 20 चे 40 च करणार! त्याला त्या वाटेवर कोणी तरी आधी जाऊन परत आलेले भेटले पाहिजे.

लेख अडीच पानांचा झाला. पाठविण्यापूर्वी त्याने तो आपल्या वरिष्ठांना दाखविला. ही वेळ तो टाळीत होता. त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळी शेजारच्या दोघांना बोलावून त्यांच्या प्रोग्रॅममधल्या नावांच्या मर्यादा तपासावयास सांगितल्या. त्यांपैकी एकाने 15 ठेवली होती.

संपादकांकडून अद्याप उत्तर नाही. छापील प्रत आली की पहिली आईला द्यावयाची, असे ठरले आहे. ती जुनी पावती तिने देवघराच्या फडताळात ठेवली आहे, पैसे मिळून गेले तरी.

मध्यंतरी सौसरचा तो मावसभाऊ एकटाच आमच्याकडे येऊन गेला. परीक्षेचा एक पेपर अडला आहे, पण वर्ष वाचले आहे. त्याने दोन पाने लिहून आणली होती, हिंदी-मराठीची सरमिसळ करून. त्याने नावांच्या आणि पत्त्यांच्या एका यादीत ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला, तर काही ठिकाणचा सापडला आणि काही ठिकाणचा सापडेना. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्र म्हणते निराळे. बराच शोध घेतल्यावर त्याला दिसले की ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन रीतींनी लिहिले जाते. काहीजण टिंबाचा ऱ, हलन्त आणि य लिहितात. काहीजण साधा र आणि हलन्त लिहून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. आत चिन्हांची मालिका निराळी, बाहेर रूप एकच. पहिली रीत कोठे आणि दुसरी कोठे, हे त्याला कळले होते. दोन्ही एकाच रूपात कशी आणावी, येथे तो अडला होता.

आम्ही तांबडी शाई काढली नाही. जेथवर आला आहेस तेथवर लिही, असे सांगितले, आणि ती पाने पांढुर्ण्याच्या दादाकडे नागपुरास पाठवून दिली.